यंत्र मध्येच थांबले तर?

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी रोबोटिक शस्त्रक्रिया सुचविली गेली, की घरात दोन मते पडतात. कुणाला वाटते, यंत्राचा हात चुकणार नाही. कुणाला वडिलांना यंत्राच्या स्वाधीन करण्याची धास्ती वाटते. वस्तुतः हे यंत्र स्वतःहून काहीच करीत नाही. शल्यचिकित्सक काही फुटांवर बसून, रुग्णाच्या पोटातील मोठे केलेले दृश्य पाहत यंत्राचे हात चालवितो. मात्र यंत्र आले, की त्याच्या बिघाडाची शक्यताही आली.

अमेरिकेत ‘दा विंची’ या यंत्रणेला २००० साली मान्यता मिळाली. तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे २०१३ पर्यंत सर्व प्रकारच्या रोबोटिक शस्त्रक्रियांविषयी आलेल्या १०,६२४ नोंदींचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८,०६१ नोंदी यंत्रातील बिघाडाच्या, १,३९१ इजेच्या आणि १४४ मृत्यूच्या होत्या. उपकरणाचा तुकडा तुटून शरीरात पडणे, विजेची ठिणगी उडणे, पडद्यावरील दृश्य जाणे, असे हे बिघाड होते. २०१३ मध्येच निर्मात्या कंपनीने एका विद्युत कात्रीला सूक्ष्म तडे जाऊन वीज भलतीकडे झिरपू शकते, असा इशारा दिला होता. याच काळात लाखो शस्त्रक्रिया झाल्या. शिवाय नोंद झाली म्हणजे दोष यंत्राचाच, असेही नव्हे. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. विचारून घेण्याचे मात्र आहे.

पहिला प्रश्न हाच असावा : यंत्र मध्येच थांबले, तर शस्त्रक्रिया कोण आणि कशी पूर्ण करील? पोट उघडून ही शस्त्रक्रिया करण्याचा अनुभव असलेले डॉक्टर त्या वेळी हजर असतील ना? ही शक्यता संमतीपत्रात लिहिली आहे का? यंत्राची अनेक उपकरणे ठराविक वेळाच वापरता येतात. ती मर्यादा पाळली जाते का, हेही नम्रपणे विचारावे. उघडी शस्त्रक्रिया म्हणजे कमी दर्जाची, असेही मानू नये. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे दोन्ही पद्धतींची तुलना झाली, तेव्हा बारा आठवड्यांनंतर लघवीवरील नियंत्रण आणि लैंगिक क्षमता यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

घरी आल्यावर शुश्रूषा करणाऱ्यांनी जागरूक राहावे. आतड्याला बसलेला चटका काही दिवसांनीही प्रकट होऊ शकतो. ताप, वाढती पोटदुखी, पोट फुगणे, उलट्या किंवा नळीतून लघवी न येणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या तपासणीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. बिघाड घडला असल्यास त्याची लेखी माहिती मागावी. भारतात वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून चालू आहे. तेथे नोंद करण्याची विनंती डॉक्टरांना अवश्य करावी. एका घरची नोंद दुसऱ्या घरचा धोका टाळू शकते.

प्रोस्टेटच्या कर्करोगात बहुधा निर्णय एका रात्रीत घ्यावा लागत नाही. तेवढा अवधी प्रश्न विचारण्यासाठी वापरावा. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही.