अर्ज म्हणजे हात पसरणं नव्हे

"पैसे मागायचे म्हटलं की मला बाई लाज वाटते." पंधरा-पंधरा वर्षं शिकवणाऱ्या, पीएच.डी. झालेल्या, वर्गातल्या ऐंशी मुलांना एका नजरेनं गप्प करणाऱ्या बायकांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता मला त्याचा राग येतो. राग त्या बायकांचा नाही. ही लाज त्यांच्या अंगात ज्यांनी मुरवली त्यांचा आहे, आणि त्या लाजेवर ज्यांचं छान चाललंय त्यांचाही आहे.

विषय संशोधनाच्या पैशाचा आहे, आणि तोही दिल्लीच्या मोठ्या पैशाचा नाही. विद्यापीठं आपल्याच शिक्षकांसाठी एक लहानसा निधी बाजूला ठेवतात. कुणी त्याला 'सीड मनी' म्हणतं, कुणी अंतर्गत अनुदान. नॅकची माणसं मूल्यांकनाला येतात तेव्हा असं बीजधन शिक्षकांना दिलं का, हेही विचारतात. म्हणून तो निधी कागदावर असतोच. प्रश्न असा, की तो मिळतो कुणाला, आणि ज्यांना मिळायला हवा त्या अर्ज तरी करतात का?

हा पैसा थोडा असला तरी त्याचं मोल मोठं आहे. दिल्लीचं अनुदान मागायला आधी केलेलं काम दाखवावं लागतं, आणि आधीचं काम करायला आधी पैसा लागतो. हे कोडं सोडवायलाच घरचा निधी असतो. ज्या बाईची मुलं लहान आहेत, सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, जिला सहा महिने बाहेरगावी राहता येत नाही, तिच्यासाठी गावातल्या गावात, आपल्याच विद्यापीठातून मिळणारे लाखभर रुपये म्हणजे संशोधनाचा एकमेव उघडा दरवाजा. आणि नेमक्या त्याच दरवाजाशी ती घुटमळते.

मी बडोद्यात राहते, म्हणून बडोद्याचंच उदाहरण देते. १९१४ साली सयाजीराव महाराजांनी चिमणलाल दलाल यांना पाटणच्या जैन भांडारांतली हस्तलिखितं तपासायला पाठवलं. दलाल प्राध्यापक नव्हते. इथल्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा संस्कृत विभाग ते सांभाळत. शतकानुशतकं कड्याकुलपात जपलेल्या ताडपत्रांच्या पोथ्या त्यांनी पाहिल्या, टिपणं केली. संस्थानाच्या पैशातून गायकवाड ओरिएंटल सीरीज निघाली, आणि १९१६ साली राजशेखराची 'काव्यमीमांसा' तिचा पहिला ग्रंथ म्हणून बाहेर पडली. १९१८ मध्ये दलाल गेले. त्यांच्या टिपणांवरून जैसलमेरच्या भांडाराची सूची १९२३ साली छापून आली आणि पाटणची सूची १९३७ साली. ती कामं तडीस नेली पंडित लालचंद्र भगवानदास गांधी यांनी. तेही प्राध्यापक नव्हते, जैन पंडित होते. याच मालिकेत १९२३ मध्ये धनपालाची अपभ्रंश 'भविसयत्तकहा' आली, तिच्यावर दलालांच्या नावाशेजारी पुण्याच्या पां. दा. गुणे यांचं नाव आहे.

आता हिशेब करा. १९१४ ला माणूस पाठवला, १९३७ ला सूची हाती आली. तेवीस वर्षं! आज बहुतेक अंतर्गत निधीच्या अर्जात काय लिहिलेलं असतं? कालावधी एक वर्ष, फार तर दोन. एकतीस मार्चच्या आत खर्च, मग उपयोगिता प्रमाणपत्र, उरलेला पैसा परत. या नियमानं पाटणच्या सूचीवर 'काम अपूर्ण, पुढील हप्ता रोखावा' असा शेरा पडला असता. आणि त्याच्या आधीची अट पाहा: अर्जदार कायमस्वरूपी शिक्षक असावा. म्हणजे ग्रंथपाल दलाल बाद, पंडित गांधी बाद. ज्या दोघांनी हे काम केलं त्यांना आजच्या अर्जाच्या पहिल्याच पानानं घरी पाठवलं असतं.

म्हणून माझा पहिला आक्षेप या 'कायमस्वरूपी'वर आहे. आज विद्यापीठांत शिकवणारे किती जण हंगामी आहेत, अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर आहेत, हे आत वावरणाऱ्या कुणालाही विचारा. त्यांतल्या कितीतरी बायका आहेत, कारण नवऱ्याच्या बदलीमागे गाव सोडलेल्या बाईला मिळते ती हीच नोकरी. ती पेपर तपासते, प्रयोगशाळा सांभाळते, नॅकच्या फायलीही तीच भरते. फक्त निधीच्या वेळी ती 'आपली' नसते. ग्रंथालयात जुन्या पोथ्यांची धूळ झटकणारी, कोणतं पान कुठे फाटलंय हे तोंडपाठ असणारी कर्मचारी तर कुणाच्या यादीतच नाही. ती सेवा करते म्हणे, संशोधन नाही.

दुसरा आक्षेप मोजमापावर. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतला गुणतक्ता काढून पाहा. दहा लाखांच्या वरचा प्रकल्प पूर्ण केला तर १० गुण, दहा लाखांच्या खालचा असेल तर ५. म्हणजे काय शोधलं याला नाही, किती खर्चलं याला गुण! ज्या विषयाला यंत्र लागतं तो मोठा, आणि ज्याला एक वही, एक एसटीचं तिकीट आणि चार म्हाताऱ्यांचा विश्वास लागतो तो लहान. आता मला सांगा, लहान विषयांकडे कोण असतं? भाषा, गृहविज्ञान, लोकसाहित्य, ग्रंथालयशास्त्र. तिथे बसलेल्या चेहऱ्यांकडे एकदा बघा.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू १९४९ साली हंसाबेन मेहता झाल्या. मुलं-मुली एकत्र शिकणाऱ्या भारतीय विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला कुलगुरू. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष'च्या जागी 'सर्व मानव' हा शब्द आणायला ज्या झगडल्या त्या याच. त्यांच्याच काळात इथे गृहविज्ञानाची विद्याशाखा उभी राहिली. स्वयंपाकघर हा विद्यापीठाचा विषय होऊ शकतो, हे त्या पिढीनं मानलं. आपण मात्र गुणतक्त्यात त्याला अर्ध्यावर आणून ठेवलं.

तिसरा आक्षेप पैशाच्या रकान्यांवर आहे. उपकरणं, पुस्तकं, प्रवास, आकस्मिक खर्च. वेळ नावाचा रकाना कुठेच नाही. तास कमी करू, परीक्षेच्या कामातून महिनाभर सोडू, असं कोणताही मंजुरीचा आदेश सांगत नाही. या शहराला तर हे जास्त कळायला हवं. डॉ. आंबेडकरांना १९१३ मध्ये कोलंबियाला शिकायला सयाजीरावांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. तिची कीर्ती आपण अजून गातो. पण तेच आंबेडकर १९१७ साली करारानुसार नोकरीला बडोद्यात आले, तेव्हा गावानं त्यांना राहायला एक खोली दिली नाही. त्या अपमानाशी आपल्या अडचणींची बरोबरी करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण एक गोष्ट त्यातून शिकायची की नाही? नुसती रक्कम देऊन माणसाला काम करता येत नाही. त्याला जागा लागते आणि भोवतालच्या माणसांनी मोकळं सोडावं लागतं.

आता माझी स्वतःची गोष्ट, थोडक्यात. बडोद्याला येण्याआधी मी दुसऱ्या एका गावच्या विद्यापीठात होते. नाव सांगत नाही. दक्षिण महाराष्ट्रातल्या जैन घरांत आजी-पणजीनं हातानं उतरवलेल्या व्रतकथांच्या आणि पदांच्या वह्या असतात, त्या गोळा करून त्यांची सूची करायची, एवढाच माझा प्रस्ताव होता. समितीतल्या एकानं विचारलं, "घरगुती वह्यांना संशोधनमूल्य काय?" दुसऱ्यानं विचारलं, "फिरावं लागेल, घरच्यांची परवानगी आहे ना?" माझ्याआधी आत गेलेल्या पुरुष सहकाऱ्याला पंजाबात जायचं होतं. त्याला हा प्रश्न विचारला नव्हता, मी मुद्दाम चौकशी केली. प्रस्ताव नामंजूर झाला, कारण लेखी मिळालं नाही. पुढच्या काही वर्षांत त्यातल्या कितीतरी वह्या वाड्यांबरोबर गेल्या, काही रद्दीत गेल्या. नुकसान माझ्या बढतीचं झालं असं कुणाला वाटत असेल तर वाटो. जे गेलं ते आता कोणत्याही निधीतून परत येणार नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: सरकारी पैसा आहे, हिशेब नको का? हवा ना. बाईइतका चोख हिशेब कोण ठेवतं? महिन्याच्या दुधाच्या हिशेबात दोन रुपये चुकले तर रात्री झोप येत नाही आपल्याला. माझा विरोध हिशेबाला नाही, संशयाला आहे. पन्नास रुपयांच्या झेरॉक्ससाठी तीन ठिकाणची दरपत्रकं मागणं हा हिशेब नव्हे. प्रस्ताव का नाकारला हे न सांगणं हाही हिशेब नव्हे. उलट हिशेब चुकवतात ते देणारेच. दरवर्षी किती अर्ज आले, त्यांत बायकांचे किती, मंजूर किती, नामंजुरीची कारणं काय, एवढं एक पान विद्यापीठानं भिंतीवर लावावं. पुढची वादावादी निम्मी होईल.

दुसरं उत्तर असतं, की बायकाच अर्ज करत नाहीत, आम्ही काय करणार? हे खरंच आहे, आणि म्हणून आता मैत्रिणींनो, तुमच्याशी बोलते. सूचना शुक्रवारी संध्याकाळी लागते आणि मुदत पुढच्या बुधवारी संपते, हे ठाऊक आहे ना? मग प्रस्ताव आधीच लिहून कपाटात ठेवा. पाहुणे येण्याआधी डाळ भिजत घालता, तसंच. अंदाजपत्रकात 'भागवून घेऊ' ही सवय आणू नका. भागवणं हा संसारातला गुण आहे, पण प्रस्तावात तो घातक ठरतो. ऐंशी हजार लागणार असतील आणि लाजेनं चाळीस मागितले, तर काम अर्धं होतं आणि दोष तुमच्यावर येतो. आडगावी रात्री परतायचं असेल तर भाड्याची गाडी लिहा. उतरवून घ्यायला मदतनीस हवी असेल तर तिचं मानधन लिहा. नियमात बसत नाही म्हणाले, तर कोणत्या नियमात ते लेखी मागा. नामंजूर झालं तर पुढच्या वर्षी तोच प्रस्ताव सुधारून पुन्हा टाका. तो पैसा कुणाच्या खिशातला नाही. तुम्ही ज्या कामासाठी नेमल्या गेलात त्या कामाचाच तो भाग आहे.

आणि समाजालाही दोन शब्द. आपल्याकडे चार दानं सांगितलीत: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. दहाव्या शतकात अत्तिमब्बेनं पोन्नकवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून वाटल्या. आजही कर्नाटक तिला दानचिंतामणी म्हणतं. लिहिणाऱ्यांना मजुरी द्यावी लागते हे त्या बाईला कळत होतं. आपण तिची गोष्ट पाठशाळेत सांगतो, आणि कलशाच्या बोलीत, मंडपाच्या रोषणाईत जेवढं जातं त्याचा दहावा हिस्साही भाषेच्या, हस्तलिखितांच्या विभागाला देत नाही. मुलांना इंजिनिअरिंगसाठी शिष्यवृत्ती देतो. पंचेचाळिशीतल्या बाईला संशोधनासाठी पैसा द्यायचा, हे सुचतसुद्धा नाही.

द्या, पण एक अट पाळा. निष्कर्ष मागू नका. "आमच्या क्षेत्राचा इतिहास आमच्या बाजूनं लिहा" असं म्हणून दिलेल्या पैशाला शास्त्रदान म्हणत नाहीत. पाटणच्या विश्वस्तांनी भांडारं उघडली म्हणून आज जगाला त्या पोथ्या माहीत आहेत. काय सापडावं हे त्यांनी आधी ठरवून दिलं असतं, तर सूचीला कवडीची किंमत उरली नसती. विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीचं महत्त्वही इथेच आहे. तो कुणाची मर्जी राखायला लावत नाही, निदान लावू नये.

तेव्हा मागणी सरळ आहे. निधी हंगामी शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना खुला करा. कामाचा काळ कामाप्रमाणे ठरवा. पैशाबरोबर वेळ द्या. नाकारलंत तर कारण लिहा. आणि बायांनो, यातलं एकही मान्य होण्याची वाट न पाहता या वर्षीचा अर्ज भरा. वह्या तेवढा वेळ थांबत नाहीत.