विद्यार्थी-परिचारिकांच्या छळाचा प्रश्न

फेब्रुवारी २०२५ मध्ये कोट्टायम येथील शासकीय परिचर्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अमानुष छळ केल्याच्या आरोपावरून वरिष्ठ वर्गातील पाच विद्यार्थ्यांना अटक झाली, तेव्हा देशभर संतापाची लाट उसळली. हा छळ नोव्हेंबर २०२४ पासून चालू होता, असे तक्रारदारांचे म्हणणे होते. सुमारे तीन महिने आजारी माणसाची शुश्रूषा शिकायला आलेली मुले मुकाट्याने मार खात राहिली आणि संस्थेच्या भिंतींबाहेर त्याचा आवाज आला नाही. ही घटना घडली तेव्हा केरळात डाव्या लोकशाही आघाडीचे सरकार होते. ही गोष्ट झाकून ठेवण्यात पक्षाचे कोणतेही हित नाही. उलट, जेथे श्रमिकांची चळवळ बलवान आहे, जेथे परिचारिकांनी संघटित होऊन मोठे लढे दिले आहेत, तेथेही शिकाऊ मुले एवढी एकाकी का राहिली, हा प्रश्न प्रत्येक पक्षसदस्याने स्वतःला विचारला पाहिजे.

पोलिसांपर्यंत पोहोचलेला गुन्हा निदान दिसतो तरी. जो कधीच दिसत नाही, तो वॉर्डातला रोजचा अपमान. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी पहिल्यांदाच वॉर्डात पाऊल टाकते. सलाईन लावताना तिचा हात थरथरतो, आणि रुग्ण व नातेवाइकांच्या देखत तिचा उद्धार केला जातो. शंका विचारली तर ‘कॉलेजात काय शिकलीस?’ असे हिणवले जाते आणि न विचारता चूक झाली तर ‘विचारायला तोंड नव्हते का?’ असे दरडावले जाते. रात्रपाळी करून आलेल्या मुलीला सकाळी वर्गात बसवले जाते. केस बुकावर सही अडवून ठेवणे, हजेरी कापण्याची धमकी देणे, अंतर्गत गुणांचा धाक घालणे, सुटी नाकारणे, घरी फोन करून बदनामी करण्याची भीती दाखवणे, ही या दहशतीची नेहमीची हत्यारे होत. याला ‘शिस्त’ असे गोंडस नाव दिले जाते.

ही शिस्त आली कोठून? १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल यांच्या नावाची प्रशिक्षण शाळा सुरू झाली आणि आधुनिक परिचर्येचा पाया घातला गेला. त्या कार्याचे मोल मोठेच आहे. परंतु त्या व्यवस्थेवर लष्करी छावणीच्या, धर्मसंस्थेच्या व तत्कालीन उच्चभ्रू घरांतील नोकरशिस्तीच्या खुणा होत्या. वरच्याने आज्ञा द्यावी, खालच्याने मान तुकवावी, हा तिचा दंडक होता. वसाहतवादी राजवटीने हीच उतरंड भारतात आणली आणि येथील जातिव्यवस्थेच्या, पुरुषसत्तेच्या उतरंडीशी तिची सहजच सोयरीक जुळली. मलमूत्र, रक्त, परक्या पुरुषाचा देह यांना स्पर्श करावा लागतो म्हणून या व्यवसायाकडे हीन नजरेने पाहणारा समाज आजही पुरता बदललेला नाही.

‘बाईच बाईची वैरी’ असे म्हणून हा प्रश्न झटकून टाकणारे लोक आहेत. हा प्रतिगामी समज आहे. १९८३ साली अमेरिकी अभ्यासक सुसान रॉबर्ट्स यांनी परिचारिकांच्या वर्तनाचा विचार करताना दाखवून दिले की, जो गट वरून दडपला जातो आणि ज्याला वर प्रतिकार करता येत नाही, तो आपला कोंडलेला क्रोध आपल्याच खालच्या माणसावर काढतो. सरंजामी घरात सासूचा जाच सोसलेली सून पुढे स्वतः जाच करणारी सासू कशी होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला यात नवल वाटणार नाही. परंतु एवढ्यावर थांबता येत नाही. दडपण येते कोठून, हेही सांगावे लागते.

१९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. त्यानंतर परिस्थिती पुष्कळ बदलली, पण टंचाई संपली नाही. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत दर ३ रुग्णांमागे १ आणि सर्वसाधारण रुग्णालयांत दर ५ रुग्णांमागे १ परिचारिका असावी, हे प्रमाण भारतीय परिचर्या परिषदेने कधीच घालून दिले आहे. कोणत्याही जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात रात्री दहा वाजता उभे राहिल्यास या प्रमाणाचे काय झाले ते डोळ्यांनी दिसते. पदे रिकामी ठेवायची, भरायची तर कंत्राटाने भरायची, हे सरकारी धोरण आहे. याच कंत्राटीकरणाविरुद्ध मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी परिचारिकांना संप करावा लागला. रिकाम्या जागेचा भार मग दोघींवर पडतो. एक, वॉर्डाची जबाबदारी वाहणारी परिसेविका. दुसरी, बिनपगारी हात म्हणून राबवली जाणारी विद्यार्थिनी. पहिली दुसरीवर ओरडते आणि त्या दोघींना या अवस्थेत लोटणारा मात्र वॉर्डात कधीच दिसत नाही.

खाजगी क्षेत्रात तर शिक्षणाचा उघड बाजार झाला आहे. जमीन गहाण ठेवून किंवा बँकेचे कर्ज काढून आईबाप मुलीला शिकायला पाठवतात. मूळ प्रमाणपत्रे संस्थेच्या कपाटात अडकली की तिला अन्याय सोसून राहण्यावाचून गत्यंतर उरत नाही. डोक्यावर कर्ज आणि मागे परतीची वाट बंद, अशा मुलीला घाबरवायला फारसे काही करावे लागत नाही.

या भीतीचा परिणाम काय होतो? झोप उडते, ड्यूटीची वेळ जवळ आली की छाती धडधडते, अन्न जात नाही, येणारे कामही हातून चुकू लागते. मग त्या चुकीबद्दल पुन्हा बोलणी बसतात आणि चक्र पूर्ण होते. ही मुलीची कमजोरी नव्हे. असह्य परिस्थितीत निकोप शरीराने दिलेला तो इशारा आहे. शिवाय हा प्रश्न तिच्या एकटीचा राहत नाही. औषधाची मात्रा समजली नाही तरी जी विचारायला धजत नाही, तिच्या भीतीची किंमत खाटेवरचा रुग्ण मोजतो. आणि सरकारी रुग्णालयाच्या खाटेवर शेतमजूर, कामगार, झोपडपट्टीतला माणूसच असतो. म्हणून शिकाऊ परिचारिकेचा निर्भयपणा हा श्रमिक जनतेच्या आरोग्याचा प्रश्न आहे.

कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, केरळात १९९८ पासून. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली नियम केले. परंतु या नियमांचा रोख विद्यार्थ्याने विद्यार्थ्याच्या केलेल्या छळावर आहे. २०१३ चा कायदा लैंगिक छळापुरता आहे. वॉर्डातील वरिष्ठाने रोज केलेला पाणउतारा या दोहोंच्या मधल्या फटीतून निसटतो. १९७८ साली बंगलोर वॉटर सप्लाय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयांनाही ‘उद्योग’ मानले होते आणि जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ या शब्दात शिकाऊ उमेदवाराचाही समावेश होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आणलेल्या औद्योगिक संबंध संहितेने शिकाऊ उमेदवाराला कामगाराच्या व्याख्येतून आणि धर्मादाय संस्थांना उद्योगाच्या व्याख्येतून वगळले. विद्यार्थिनी-परिचारिकेची स्थिती तर याहून विचित्र आहे : राबवून घेताना ती कर्मचारी, हक्क मागताना ती विद्यार्थिनी!

या स्थितीत लढ्याची दिशा स्पष्ट असली पाहिजे. विद्यार्थ्यांची गणना मनुष्यबळात करता कामा नये; रिकामी पदे कायमस्वरूपी भरली पाहिजेत; रात्रपाळीनंतर सक्तीची विश्रांती मिळाली पाहिजे; मूळ प्रमाणपत्रे अडवणाऱ्या संस्थांवर कारवाई झाली पाहिजे; तक्रार समितीत विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असले पाहिजेत आणि वॉर्डातील वरिष्ठांचे वर्तनही तिच्या कक्षेत आले पाहिजे.

परंतु मागण्या मान्य होईपर्यंत आजची मुलगी आजच वॉर्डात उभी आहे. तिला आज आधार हवा. घडलेला प्रकार त्याच दिवशी तारीख, वेळ व साक्षीदारांसह लिहून ठेवावा. तक्रार एकटीने न करता तिघी-चौघींनी मिळून लेखी करावी आणि तिची पोच घ्यावी. ‘हे काम मी अजून केलेले नाही, एकदा दाखवा’ असे म्हणणे हा रुग्णाच्या हिताचा आग्रह आहे, त्यात कमीपणा नाही, हे तिला कोणीतरी ठामपणे सांगितले पाहिजे. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-१८०-५५२२ आणि २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. चिंतेने झोप व अन्न तुटले असेल तर ताप आल्यावर जावे तसे डॉक्टरकडे जावे.

या कामात पक्षसदस्यांची जबाबदारी मोठी आहे. मुंबई-पुण्यात असोत की इंदूर, हैदराबाद, बेळगाव, सुरत येथे असोत, रुग्णालयांच्या युनियनमध्ये काम करणाऱ्या साथींनी आपली दारे विद्यार्थ्यांना खुली करावीत. विद्यार्थी आघाडी आणि युनियन यांनी महिन्यातून एकदा तरी वसतिगृहातील मुलींसोबत एकत्र बसावे. आणि सर्वांत कठीण काम असे की, छळ करणारी व्यक्ती आपल्याच युनियनची सभासद असेल, मोर्चात पुढे चालणारी असेल, तरीही तिला थांबवावे. तिच्यावरील कामाच्या भाराविरुद्ध तिच्या बाजूने लढावे आणि त्याच वेळी कनिष्ठांशी ती करीत असलेल्या वर्तनाबद्दल तिला खडसावावे. व्यवस्थापनासमोर ताठ मानेने उभा राहणारा आणि आपल्या हाताखालच्या माणसाला चिरडणारा कार्यकर्ता निम्मीच लढाई लढत असतो.

परिसेविका आणि विद्यार्थिनी एकमेकींच्या शत्रू नाहीत. एक कालची विद्यार्थिनी आहे, दुसरी उद्याची परिसेविका. त्या दोघी एका मागणीपत्रावर सह्या करतील, तेव्हाच वॉर्डातील दहशतीचा शेवट सुरू होईल. ती सही घडवून आणणे हे आपल्या चळवळीचे तातडीचे काम आहे.