सानियाची वाट आणि घरच्या स्पर्धांचा दुष्काळ

सानिया मिर्झाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबईतील स्पर्धेनंतर व्यावसायिक टेनिसचा निरोप घेतला, तेव्हा एकेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात पोहोचलेली ती एकमेव भारतीय महिला होती. सहा ग्रँडस्लॅम विजेतीपदांचा देशभर गौरव झाला. मात्र तिच्यामागून दुसरी कोणी का आली नाही, या प्रश्नाची चर्चा क्वचितच झाली.

मुंबईत जन्मलेली सानिया हैदराबादेत वाढली आणि तिच्या कारकिर्दीला पहिली मोठी चालनाही तेथेच मिळाली. हैदराबादच्या डब्ल्यूटीए स्पर्धेत तिने २००४ मध्ये लीझेल ह्यूबरच्या साथीने दुहेरीचे, तर २००५ मध्ये वयाच्या १८व्या वर्षी एकेरीचे विजेतेपद पटकावले. डब्ल्यूटीए एकेरी विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. त्याच वर्षी तिने अमेरिकन खुल्या स्पर्धेची चौथी फेरी गाठली आणि २००७ मध्ये क्रमवारीत २७व्या स्थानापर्यंत मजल मारली.

मनगटाच्या दुखापतीने ही घोडदौड रोखली. २०१३ मध्ये एकेरी सोडून तिने दुहेरीवर लक्ष केंद्रित केले. एप्रिल २०१५ मध्ये ती दुहेरीत जागतिक अग्रस्थानी पोहोचली. मार्टिना हिंगिससह तिने विम्बल्डन, अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकल्या. या जोडीने सलग ४१ सामने जिंकले. दुहेरीतील या झळाळीत भारताचे एकेरीतील दारिद्र्य झाकले गेले.

दरम्यान, देशातील व्यवस्था आक्रसत गेली. २००८ च्या बंगळुरू स्पर्धेनंतर मुख्य डब्ल्यूटीए मालिकेतील स्पर्धा भारतात परतली ती थेट २०२२ मध्ये, चेन्नईत. घरच्या स्पर्धेत आयोजक स्थानिक खेळाडूंना वाइल्ड कार्डद्वारे थेट प्रवेश देऊ शकतात. परदेश प्रवासाचा खर्च वाचतो आणि बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध क्रमवारीचे गुण मिळवण्याची संधी लाभते. चेन्नईत वाइल्ड कार्ड मिळालेल्या करमन कौर थांडीने पहिल्याच फेरीत आठव्या मानांकित क्लोई पाकेला नमवले. २०२५ मध्ये मुंबईतील डब्ल्यूटीए १२५ स्पर्धेत १५ वर्षांच्या माया राजेश्वरनने उपांत्य फेरी गाठली.

केवळ स्पर्धा भरवल्याने विजेत्या घडत नाहीत. प्रशिक्षण, तंदुरुस्ती आणि आर्थिक पाठबळही तितकेच आवश्यक असते. सानियाच्या बाबतीत हा भार प्रामुख्याने कुटुंबाने उचलला. तिचे वडीलच तिचे प्रशिक्षक होते. प्रत्येक गुणी मुलीच्या घरी हे शक्य नसते. अशा मुलींसाठी दरवर्षी खात्रीने होणारी घरची स्पर्धा हाच मोठा आधार ठरू शकतो.

नेमकी ही खात्रीच आजवर मिळालेली नाही. चेन्नईची स्पर्धा २०२२ नंतर दोन वर्षे झालीच नाही. ती २०२५ मध्ये परतली. सानियाची वारसदार शोधण्याआधी, सानियाला लाभलेली ती पहिली पायरी पुढच्या पिढीसाठी कायम ठेवणे अधिक निकडीचे आहे.