गुणांची बेरीज, शिक्षणाची वजाबाकी

वर्षअखेरीस प्रगतिपुस्तक हाती पडले की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, किती गुण मिळाले? मुलाला काय आले नाही आणि ते का आले नाही, हे सहसा कोणी विचारीत नाही. विचारले तरी उत्तर त्या पुस्तकात सापडावयाचे नाही. सापडले तरी त्याचा उपयोग नाही. वर्ष संपलेले असते आणि चूक मात्र मुलाबरोबर पुढच्या इयत्तेत जाते. वरातीमागून घोडे म्हणतात ते यालाच!

एक साधे उदाहरण घेऊ. ५२ मधून २७ वजा करावयास सांगितले असता एखादे मूल ३५ असे उत्तर लिहिते. शिक्षकाने त्यावर तांबडी फुली मारली की प्रकरण संपते. परंतु ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. मुलाने एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत म्हणून ७ मधून २ वजा केले. दशक सुटा करावयाचा असतो, हे त्याला उमगलेलेच नाही. ‘हे तू कसे केलेस, सांग पाहू,’ असे जो शिक्षक त्याला विचारतो, दहा काड्यांचा जुडगा सोडून दाखवितो आणि दुसऱ्या दिवशी तसेच गणित पुन्हा घालतो, त्याने परीक्षाही घेतली आणि शिकविलेही. शिक्षणशास्त्रात यास आकारिक मूल्यमापन म्हणतात. नाव बोजड असले तरी गोष्ट जुनीच आहे. शिष्याचा सूर ढळताच गानगुरू त्याला तेथल्या तेथे थांबवितो; वर्षभर बेसूर गाऊ देऊन अखेरीस शंभरांपैकी गुण देत नाही.

या अनुभवास संशोधनाचाही आधार आहे. १९९८ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजातील पॉल ब्लॅक व डिलन विल्यम यांनी अनेक अभ्यासांचा धांडोळा घेऊन दाखवून दिले की, अशा मूल्यमापनाने मुलांचे शिकणे सुधारते आणि मागे पडलेल्या मुलांना त्याचा लाभ अधिक होतो. त्याआधी १९८८ साली इस्राएलमध्ये रूथ बटलर यांनी केलेल्या प्रयोगात ज्यांना केवळ मार्गदर्शक शेरा मिळाला ती मुले पुढे सरकली. ज्यांना नुसते गुण किंवा गुणांसह शेरा मिळाला ती सरकली नाहीत. गुण दिसले की शेऱ्याकडे लक्ष जात नाही, हे प्रत्येक शिक्षकाने मनाशी नोंदवून ठेवावे.

आपण मात्र नेमके उलट केले. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन सांगितले. हेतू उत्तम होता. पण केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या योजनेत आकारिक मूल्यमापनालाच शेकडा ४० चा वाटा मिळाला आणि एका परीक्षेच्या जागी चार परीक्षा आल्या. शिक्षक नोंदवह्या भरू लागला, पालक प्रकल्प करू लागले आणि मूल होते तेथेच राहिले. २०१७ साली मंडळाने ती योजना गुंडाळली. २०१९ च्या कायदादुरुस्तीने तर पाचवी व आठवीत परीक्षा घेऊन, दोन महिन्यांतील फेरपरीक्षेतही अनुत्तीर्ण होणाऱ्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा दिली. आमचा प्रश्न असा की, जे साहाय्य आधीच्या दहा महिन्यांत मिळावयास हवे होते, ते नापासाचा शिक्का बसल्यावरच का मिळावे? आणि त्या दहा महिन्यांचा जाब कोणी द्यावयाचा?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पुन्हा आकारिक मूल्यमापनाचा आणि समग्र प्रगतिपत्रकाचा पुरस्कार केला आहे. त्याचे स्वागतच आहे. परंतु नवे पत्रक म्हणजे भरावयाचा नवा तक्ता ठरला, तर मागचीच कथा पुढे चालू राहील. गोमंतकात मुक्तीनंतर खेडोपाडी प्राथमिक शाळा उघडल्या. त्यांपैकी कित्येकांचा पट आज रोडावला आहे. हे दुर्दैव खरेच. पण जेथे वर्गात पंधरा मुले आहेत, तेथे प्रत्येक वहीवर दोन ओळी लिहिणे अशक्य नाही. अर्थात, एकाच शिक्षकावर अनेक इयत्ता आणि शिवाय सरकारी माहितीचे रकाने लादले, तर तेही अशक्य होईल.

म्हणून आमचे शिक्षणखात्यास आग्रहाचे सांगणे आहे की, दैनंदिन मूल्यमापनावर गुण ठेवू नयेत, नोंदींचा पसारा निम्म्यावर आणावा आणि शिक्षकाच्या निर्णयबुद्धीवर विश्वास टाकावा. शिक्षकांनीही फुलीपाशी न थांबता चुकीच्या मुळाशी जावे. आणि पालकांनी? मूल घरी आल्यावर ‘किती गुण?’ याऐवजी ‘आज काय अडले?’ असे विचारावे. या प्रश्नाला खर्च नाही, परिपत्रकाची वाटही पाहावी लागत नाही.