दुखापत कुठं झाली, ते खरं सांगा

एका जुलैतली गोष्ट. पासलीकडचा विशीतला मुलगा उजव्या हाताला मळकं बँडेज बांधून ओपीडीत आला. सोबत आई. तर्जनी आणि मधलं बोट अर्ध्यावर तुटलेलं, जखमेत पू. काय झालं विचारल्यावर आईच म्हणाली, "मळणी यंत्रात हात गेला, साहेब."

बाहेर धो धो पाऊस होता आणि खाचरांत भाताची लावणी चालू होती. आमच्याकडे मळणी निघते ती दिवाळीच्या सुमाराला. जुलैत ते यंत्र ताडपत्रीखाली असतं. शिवाय मळणी यंत्रात गेलेला हात पिंजून निघतो. ही दोन्ही बोटं एका रेषेत, चेपून तुटली होती. मी आईला बाहेर बसवलं आणि पुन्हा विचारलं. नऱ्हे-धायरीकडच्या एका शेडमध्ये तो पॉवर प्रेसवर होता. आठवड्यापूर्वी अपघात झाला. मालकानं जवळच्या दवाखान्यात टाके घालून दिले, हातावर काही हजार ठेवले आणि सांगितलं, कोणी विचारलं तर घरी लागलं म्हण.

आईला खोटं बोलायचं नव्हतं. "शेठ चांगला आहे हो. त्याचाही धंदा नवाच आहे," असं तिनं मला नंतर सांगितलं. मला ते पटलं. पाच-सहा माणसं, कर्जावर घेतलेलं यंत्र, मालक स्वतःच दुसऱ्या प्रेसवर उभा. असे मालक मी पुष्कळ पाहिले आहेत. ते दुष्ट नसतात, घाबरलेले असतात. आणि त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं की एवढ्या कमी माणसांना कायदा लागत नाही.

हे अर्धंच खरं आहे. विजेवर चालणाऱ्या जागेत साधारण 20 कामगार झाल्याशिवाय कायद्याच्या लेखी तो 'कारखाना' ठरत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेतही हाच आकडा आहे. ईएसआय दहा कामगारांपासून सक्तीचं. पण कामावर झालेल्या इजेची भरपाई देण्याची जबाबदारी 1923 च्या कायद्यापासून चालत आली आहे, आता ती सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, आणि सहा माणसांचं वर्कशॉप म्हणून ती टळत नाही. त्या कायद्याच्या परिशिष्टात बोटांचा हिशेबसुद्धा आहे: पूर्ण तर्जनी गेली तर कमाईच्या क्षमतेत 14 टक्के घट, मधलं बोट 12, अंगठा 30. वाचताना अंगावर काटा येतो, पण गरिबाच्या बाजूनं उभा राहणारा कागद तोच.

या जोखमीचा विमा मिळतो. नव्या संहितेनुसार दहापेक्षा कमी माणसांचा मालकही कामगारांच्या संमतीनं ईएसआयमध्ये येऊ शकतो. मात्र केसपेपरवर 'घरी लागलं' असं असेल, तर विमा असूनही मालकाचा दावा अडतो. म्हणजे हे खोटं मालकालाही महागात पडतं.

लहान धंदा म्हणजे धोका लहान, हा समज तर सोडाच. 7 जून 2021 रोजी मुळशी तालुक्यातल्या उरवडे इथे रसायनांच्या कंपनीला आग लागली. 17 कामगार गेले, त्यांतल्या 15 महिला. ओळख पटवण्यासाठी डीएनए तपासणी करावी लागली. ती कंपनी काही अवाढव्य नव्हती.

दोष आमच्याही पदरात आहे. इटलीतल्या रामाझ्झिनी या वैद्यानं 1700 सालीच लिहून ठेवलं होतं की रोग्याला त्याचा व्यवसाय विचारा. तीनशे वर्षं झाली, तरी आमच्या केसपेपरवर व्यवसायाचा रकाना कोराच राहतो. गर्दीत मीही तो कित्येकदा सोडला आहे. नुसतं 'यंत्राने इजा' लिहून रुग्ण पुढे सरकवला, की आठ महिन्यांनी त्या कागदाला अर्थ उरत नाही. कोणतं यंत्र, कुठं, किती वाजता, कोणाच्या कामावर, हे सगळं लिहायला दोन मिनिटं लागतात.

या मुलाला आणखी एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. तुटलेलं बोट शेडमध्येच राहिलं. ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ती पिशवी बर्फात ठेवायची असते. बोट थेट बर्फावर नाही. तसं करून लगेच मोठ्या रुग्णालयात नेलं असतं तर निदान जोडण्याचा प्रयत्न तरी झाला असता. चेपलेल्या बोटाची खात्री कोणी देत नाही, पण प्रेस असलेल्या प्रत्येक शेडमध्ये हे भिंतीवर लिहिलेलं हवं.

मी खरं ते लिहिलं आणि पोलिसांना कळवलं. आई हिरमुसली. "आता शेठला धरतील का?" मी तिला केसपेपरची प्रत दिली, जपून ठेवायला सांगितलं आणि मुलाच्या ड्रेसिंगसाठी परवा यायला सांगितलं. ती प्रत तिनं पदराच्या टोकात बांधली, मग काय वाटलं कोण जाणे, सोडून प्लास्टिकच्या पिशवीत घातली. बाहेर पाऊस थांबला नव्हता.