नळी आकसू द्या, वायर जाळू नका!

दिवाळीच्या दिव्यांची माळ असो, मुलांचे बॅटरीवरचे खेळणे असो की स्कूटरच्या इंडिकेटरची वायर, तुटलेल्या तारांना पीळ द्यायचा आणि वर चिकटपट्टी गुंडाळायची, ही घरोघरची रीत. पण उन्हाळा आला की पट्टीचा डिंक पाघळतो, कडा सुटतात आणि आतली तार उघडी पडते. म्हणूनच आता बरेचजण उष्णतेने आकसणारी नळी, म्हणजे ‘हीट श्रिंक स्लीव्ह’ वापरतात. इलेक्ट्रिकच्या दुकानात ती मापानुसार सहज मिळते.

घोटाळा होतो तो ती तापवताना. हाताशी असते काडेपेटी किंवा गॅसचा लायटर. नळी आकसते खरी, पण बाजूच्या वायरीचे आवरणही वितळते. जोड वरून झाकलेला दिसतो आणि धोका मात्र शेजारीच दडून बसतो.

नळी आकसते कशी?

ही नळी बहुधा पॉलिओलेफिन या प्लॅस्टिकची असते. कारखान्यात तिच्या रेणूंची एकमेकांशी पक्की गुंफण करतात, मग तापवून तिला फुगवतात आणि फुगलेल्या स्थितीतच थंड करतात. पुन्हा ऊब मिळाली की ती मूळ आकाराकडे परतते. त्यासाठी साधारण ९० ते १२० अंश सेल्सिअस तापमान पुरते. ज्योतीचे तापमान मात्र १००० अंशांच्याही वर असते! घरगुती पीव्हीसी वायरीचे आवरण तर सतत ७० अंशांपर्यंतच्याच तापमानासाठी बनवलेले असते. तेव्हा नळीला हवी असते ती चहूबाजूंनी सारखी मिळणारी गरम हवा.

कोणते साधन निवडावे?

हीट गन : सर्वांत उत्तम. नळी फार जवळ न धरता, तोंड सतत हलते ठेवून तापवावी. तापमान कमी-जास्त करता येत असेल तर कमीपासून सुरुवात करावी. जास्त तापवल्यास जोडाचे सोल्डरही वितळू शकते. कथील-शिशाचे नेहमीचे सोल्डर १९० अंशांच्या आसपासच पातळ होते. २००० वॅटची गन जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढते. म्हणून ती ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटला न लावता मोठ्या, पॉवरच्या सॉकेटला लावावी.

हेअर ड्रायर : घरात असतोच, म्हणून मोह होतो. पण त्याची हवा बहुधा पुरेशी तापत नाही. बारीक, पातळ नळी कधी आकसते, कधी अर्ध्यावरच थांबते. हवा अधिक तापावी म्हणून ड्रायरचे तोंड झाकू नये, ड्रायरच बिघडेल.

सोल्डरिंगची इस्त्री : एक-दोन बारीक जोडांपुरती चालते. तिच्या टोकामागचा दांडा नळीच्या अगदी जवळ न्यावा, टेकवू नये आणि वायर बोटांनी फिरवत राहावी.

लायटर, काडी, मेणबत्ती : शक्यतो नकोच. नळीची एक बाजू करपते, दुसरी सैल राहते. पिवळ्या ज्योतीची काजळी बसते आणि तिच्याखाली पडलेली चीर दिसत नाही. जळत्या पीव्हीसीचा धूर नाकाडोळ्यांना झोंबतो, तो घातकही असतो. स्कूटर किंवा मोटारसायकलवर तर ज्योत मुळीच नको. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही. हीट गन किंवा तापलेली इस्त्रीही तिथे धोक्याचीच. अशा ठिकाणचा जोड गॅरेजमध्येच करून घ्यावा.

काम करताना

• आधी वीज बंद. नुसते बटण पुरेसे नाही, प्लगच काढावा.

• तारा जोडण्यापूर्वीच नळी एका वायरीत ओवून दूर सरकवून ठेवावी. जोड दिल्यावर ती आत जाणार नाही!

• निम्मी होणारी (२:१) नळी असेल तर तिचे आकसल्यानंतरचे माप वायरीच्या जाडीपेक्षा कमी हवे. दोन्ही बाजूंच्या आवरणावर ती किमान एकेक सेंटिमीटर चढावी.

• मधून सुरुवात करून टोकांकडे तापवत जावे, म्हणजे आत हवा कोंडत नाही.

• ओल लागणाऱ्या जागी आतून गोंद असलेली नळी घ्यावी. दोन्ही टोकांशी गोंदाची कड दिसली की तापवणे थांबवावे.

• नळी गुळगुळीत आणि घट्ट बसली, आतल्या जोडाचा उंचवटा वरून दिसू लागला की काम झाले. ती तपकिरी झाली, फोड आले किंवा चिरली तर कापून नवी बसवावी.

हे विसरू नका

नळी झाकण घालते, सैल जोड घट्ट करत नाही. आत नुसता पीळ दिलेला असेल तर तिथे उष्णता साठत जाते आणि वरून काहीच कळत नाही. म्हणून जोड आधी पक्का, मग नळी. इस्त्री, गिझर, मिक्सर यांची वायर तुटली तर जोड देऊच नये. ती संपूर्ण बदलावी. आणि भिंतीतली वायर असेल तर वायरमनलाच बोलवावे.