इंजिन मोठे, पण ब्रेकचे काय?



घरातली जुनी मारुती ८०० किंवा वडिलांच्या काळातली फियाट काढून टाकवत नाही. मुलगा म्हणतो, "गाडी ओढत नाही, हिच्यात मोठे इंजिन बसवून घेऊ." हा विषय काही पालकांनी माझ्याजवळ काढला आणि गॅरेजमध्ये काम करणाऱ्या आपल्या काही माजी विद्यार्थ्यांनीही काढला. माझे मत पहिल्यांदाच सांगतो. गाडी जरूर ठेवा, तिच्यावर पैसेही खर्च करा, पण ते मोठ्या इंजिनावर नको.

हे मत हातकामाला कमी लेखून मांडलेले नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचे दुकान काढले ते आपल्याच बेळगावात. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज उद्यमबागेतल्या फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये आपली कितीतरी मुले काम करतात. इंजिन उतरवणे, माउंटिंग बदलणे, नवे इंजिन बसवणे हे या हातांना अवघड नाही. प्रश्न जमण्या-न जमण्याचा नाही, त्यानंतर गाडीचे काय होते याचा आहे.

आकडेच पाहू. मारुती ८०० ची गाडी डिसेंबर १९८३ पासून रस्त्यावर आली. तिचे इंजिन ७९६ सीसीचे, ताकद ३७ अश्वशक्तीच्या आसपास, गाडीचे वजन साडेसहाशे किलो आणि चाके १२ इंची. तिच्यात बसवतात ते एस्टीमचे इंजिन १२९८ सीसीचे आणि ८५ अश्वशक्तीच्या घरातले. म्हणजे ताकद दुपटीहून जास्त झाली. क्लच, गिअर बॉक्स, ॲक्सल, ब्रेक, टायर आणि पत्रा मात्र ३७ अश्वशक्तीच्या हिशेबानेच बनलेले. बरेच मिस्त्री इंजिनाबरोबर गिअर बॉक्सही बदलतात, पण ब्रेक आणि टायरचे नाव निघत नाही, कारण पैसे तोपर्यंत संपलेले असतात. प्रीमियर पद्मिनीचे तर चारही ब्रेक ड्रमचे.

"मग कंपन्यांनी नाही का असे केले?" असे मुले विचारतात. प्रश्न योग्य आहे. हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा १९८४ मध्ये ॲम्बॅसेडरच्याच १४८९ सीसी इंजिनावर निघाली. एवढ्या जड गाडीला ते कमी पडले, म्हणून पुढे तिच्यात इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन आले. नंतर ॲम्बॅसेडरलाही तेच भाग्य लाभले. पण त्या इंजिनाबरोबर पाच गिअरचा नवा गिअर बॉक्स आला आणि त्यामागे कारखान्याचे अभियंते व चाचण्या होत्या. मारुती कंपनीनेही २००० च्या सुमारास ८०० चे अधिक ताकदीचे मॉडेल काढले तेव्हा ती ४५ अश्वशक्तीच्या आसपासच थांबली, आणि जोडीला पाचवा गिअर दिला. ज्यांनी गाडी बनवली त्यांनी आठ अश्वशक्ती वाढवताना एवढा विचार केला. आपण पन्नासच्या जवळपास वाढवतो आणि विचार मात्र फक्त इंजिन बॉनेटमध्ये मावेल की नाही एवढाच करतो.

आता शाळेत शिकवलेले थोडे आठवा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटरवरून ९० वर गेलात तर वेग दीडपट होतो, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट होते. ती सारी उष्णता होऊन लायनरमध्ये जाते. निपाणीजवळ तवंदी घाट आणि बेळगावच्या अलीकडे वंटमुरी घाट आपल्या रोजच्या वाटेवर आहेत. घाट चढताना मोठ्या इंजिनाचे कौतुक वाटेल, पण उतरताना काम ब्रेकचे आहे. तापलेला ड्रम ब्रेक पायाखाली पोकळ लागतो तेव्हा पुढे ट्रक असतो आणि मागच्या सीटवर आजी आणि नातवंडे. ही कुटुंबाची गाडी आहे, शर्यतीची नव्हे, हे विसरून चालणार नाही.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. मान्यताप्राप्त सीएनजी किट रीतसर बसवून त्याची नोंद करणे ही गोष्ट वेगळी, तिला कायद्याची परवानगी आहे.

आपल्या सीमाभागात याची झळ जास्त बसते. आपल्याकडे बऱ्याच जुन्या गाड्या कोल्हापूर, पुणे, मुंबईहून येतात आणि मग केए-२२ किंवा केए-२३ चा नंबर घ्यायचा असतो. त्यावेळी इंजिन नंबर आणि चेसिस नंबर कागदाशी ताडून पाहतात. १५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करतानाही तेच. अपघात झाला तर इंजिनाचा नंबर जुळत नाही म्हणून क्लेम नाकारायला विमा कंपनीला आयते कारण मिळते. हौस मुलाची असते, कागदावर नाव वडिलांचे असते.

मग गाडी ओढत नाही त्याचे काय करावे? आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या. जुने इंजिन बहुतेक वेळा लहान असते म्हणून नव्हे, झिजलेले असते म्हणून ओढत नाही. बोअर करून नवे पिस्टन व रिंग घाला, व्हॉल्व्ह ग्राइंड करा, कार्ब्युरेटर साफ करून ट्यूनिंग करा, क्लच प्लेट पाहा. उरलेल्या पैशांत ब्रेक लायनर, ब्रेकचे पाइप, चार चांगले टायर आणि सीट बेल्ट घ्या. कंपनीने दिलेली ३७ अश्वशक्ती पूर्ण परत मिळाली तरी गाडी वेगळीच वाटेल, आणि कागदही स्वच्छ राहतील.

ज्या मुलांना खरोखर इंजिनाशी खेळायचे आहे त्यांनी आयटीआय, पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकीची वाट धरावी. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी २००७ पासून बाहा एसएईइंडिया ही स्पर्धा भरते. तिथे मुले स्वतःची गाडी घडवतात, आणि शर्यतीआधी तिच्या ब्रेकची परीक्षा होते. ब्रेक चारही चाके धरत नसतील तर गाडी पुढे जाऊ देत नाहीत.

आपल्या गॅरेजवाल्या माजी विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. गिऱ्हाईक मोठे इंजिन मागत आले तर आधी त्याच्या गाडीचे ब्रेक उघडून त्याला दाखवा. ते पाहून बरेच जण आपला बेत स्वतःच बदलतील.